मशीहाची वचने : ज्यू आणि ख्रिस्ती वाचनात फाटा नेमका कुठे फुटतो? (प्रत्येक भागावरचे नाव त्या भागाच्या लेखकाचे टोपणनाव आहे.)

मूळपाठ

"जुन्या करारात मशीहाबद्दल शेकडो भाकिते आहेत आणि ती सगळी येशूत पूर्ण झाली" अशा याद्या मराठीत सर्रास फिरतात. "त्यातले एकही भाकीत नाही, सगळी ओढाताण आहे" असे उत्तरही तितकेच फिरते. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. प्रत्येक वचनातला वाद वेगळ्या जातीचा आहे. यशया ७:१४ मध्ये तो एका शब्दाचा, दानीएल ९ मध्ये एका विरामाचा, स्तोत्र २२ मध्ये एका अक्षराच्या शेपटीचा. होशेय ११:१ मध्ये तर शब्दांबद्दल वादच नाही, "पूर्ण झाले" म्हणजे काय एवढाच आहे. हे सगळे एकत्र कालवले की चर्चा पुढे सरकत नाही. म्हणून इथे एकेक वचन घेऊन बोलू या.

आधी शब्द. मशीहाचे हिब्रू रूप मशीअख, म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. ग्रीकमध्ये ख्रिस्तोस. तनाखमध्ये (ज्यूंच्या हिब्रू बायबलमध्ये) हा शब्द चाळिसेक वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी तो समोर असलेल्या राजाला किंवा याजकाला लावलेला आहे. यशया ४५:१ मध्ये तर तो पारसाचा राजा कोरेश याला लावला आहे. उलट येणाऱ्या राजाबद्दल दोन्ही धर्म ज्या वचनांवर भर देतात (यशया ११, यिर्मया २३:५, यहेज्केल ३७) तिथे हा शब्दच नाही. त्यामुळे शब्दसूचीत "अभिषिक्त" शोधून मशीहाची वचने सापडणार नाहीत.

दुसरी अडचण ओव्यांच्या क्रमांकांची. मराठी बायबलातले स्तोत्र २२:१६ हिब्रूत २२:१७ आहे, कारण तिथे स्तोत्राचे शीर्षक पहिली ओवी धरतात. यशया ९:६ हिब्रूत ९:५, मीखा ५:२ हिब्रूत ५:१. हे माहीत नसले की माणूस भलतीच ओवी उघडतो आणि समोरचा खोटे बोलतोय असे समजतो.

सुरुवात यशया ७:१४ पासून. एका ओवीवर बोलण्याआधी अध्याय पहिल्या ओवीपासून वाचा, ही विनंती. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह यरुशलेमवर चालून आलेत. यहूदाचा राजा आहाज घाबरलाय. संदेष्टा यशया म्हणतो, भिऊ नको, खूण माग. आहाज मागत नाही, तेव्हा खूण आपणहून दिली जाते : "हा-आल्मा" गर्भवती आहे किंवा होईल, तिला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल.

शब्दशोधक

आल्मा या शब्दापुरते लिहितो. ख्रिस्ती परंपरा त्याचा अर्थ कुमारी असा घेते, ज्यू परंपरा तरुणी असा.

हा शब्द वयाचा आहे. याचे पुल्लिंगी रूप एलेम, म्हणजे तरुण पोरगा. १ शमुवेल १७:५६ मध्ये दावीदाला लावलेला. कौमार्याचा नेमका शब्द बेतुला असे सांगतात, पण तोही पूर्ण पक्का नाही. योएल १:८ मध्ये बेतुला आपल्या तरुणपणच्या नवऱ्यासाठी शोक करते. उत्पत्ती २४ मध्ये रिबकेला दोन्ही शब्द आलेत : १६ व्या ओवीत बेतुला, आणि तिथेच "पुरुषाने तिला जाणले नव्हते" अशी पुस्ती, ४३ व्या ओवीत आल्मा. बेतुला शब्द पुरेसा असता तर ती पुस्ती कशाला लागली असती?

मराठीत "लग्नाची मुलगी" म्हटले की ऐकणारा काही गोष्टी गृहीत धरतो, पण शब्द स्वतः वय आणि स्थिती एवढेच सांगतो. आल्मा तसा आहे. तो कौमार्य सांगत नाही आणि नाकारतही नाही.

आता ग्रीक. इ.स.पू. दुसऱ्या शतकात यशयाचे ग्रीक भाषांतर ज्यूंनीच केले आणि इथे पार्थेनोस (कुमारी) हा शब्द घातला. येशूच्या जन्माबद्दल नव्या करारात मत्तय १:२३ तोच उचलतो. पण त्याच ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, उत्पत्ती ३४:३ ला दीनाला तिच्यावर बळजबरी झाल्यानंतरही पार्थेनोस म्हटले आहे. म्हणजे भाषांतरकारांच्या डोक्यात काटेकोर अर्थ होता असे सिद्ध होत नाही. पुढे इ.स. च्या दुसऱ्या शतकात अक्विला, थिओडोशन आणि सिम्माखस या भाषांतरकारांनी इथे नेआनिस, म्हणजे तरुणी, असा शब्द घेतला. तोवर हा शब्द वादाचा झाला होता. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरच्या ट्रायफो या ज्यूशी झालेल्या संवादात, म्हणजे इ.स. १६० च्या आसपासच्या ग्रंथात, ट्रायफो हेच सांगतो : मूळ शब्द तरुणी आहे आणि ओवी आहाजच्या मुलाबद्दल, हिज्कीयाबद्दल आहे.

मृत समुद्राकाठी १९४७ साली सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत (सुमारे ७.३ मीटर, ५४ स्तंभ) इथे आल्माच आहे. तेव्हा "ज्यूंनी नंतर शब्द बदलला" हा जुना आरोप टिकत नाही. इस्राएल म्युझियमच्या संकेतस्थळावर ही गुंडाळी स्तंभागणिक उघडून पाहता येते.

सेफर

ज्यू वाचनाचा खरा भार आल्मावर नाहीच, तो १६ व्या ओवीवर आहे. मुलाला वाईट टाकून चांगले निवडायची समज येण्याआधी, ज्या दोन राजांची तुला धास्ती आहे त्यांचा देश ओसाड पडेल. खूण म्हणजे मुदत आहे. मूल किती वर्षांचे होईपर्यंत संकट टळेल हे सांगायचे आहे. आणि तसे झाले : इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरने दिमिष्क (अरामची राजधानी) घेतले, ७२२ च्या सुमारास शोमरोन (इस्राएलची राजधानी) पडले. सात शतकांनी जन्मणारे मूल आहाजला कसली खूण देणार, हा ज्यू भाष्यकारांचा प्रश्न आहे.

मग ते मूल कोण? इथे ज्यू भाष्यकारांतही एकमत नाही, आणि हे ख्रिस्ती वाचकांना सहसा सांगितले जात नाही. हिज्कीया म्हणावे तर हिशेब बसत नाही. आहाजने १६ वर्षे राज्य केले आणि हिज्कीया गादीवर आला तेव्हा २५ वर्षांचा होता (२ राजे १६:२, १८:२). म्हणजे आहाज राजा झाला तेव्हा हिज्कीया ९ वर्षांचा. जन्मून गेलेल्या मुलाची खूण कशी देणार? हीच वजाबाकी करून भाष्यकार राशी (१०४०-११०५) हिज्कीयाला बाजूला ठेवतो आणि संदेष्ट्याच्या बायकोकडे वळतो. ८:३-४ मध्ये तिला मुलगा होतो आणि तशीच मुदत पुन्हा येते : "बाबा, आई" म्हणायला शिकण्याआधी दिमिष्क आणि शोमरोनची लूट अश्शूरला जाईल.

वचनमंजूषा

१६ व्या ओवीकडे ख्रिस्ती अभ्यासक डोळेझाक करतात असे कुणी समजू नये. आहाजच्या काळी एक मूल जन्मले आणि खूण तेव्हा पटली, हे अनेक ख्रिस्ती भाष्यकार मान्य करतात. त्यांचे म्हणणे त्यापुढचे आहे. ११ व्या ओवीत "तू खूण माग" असे एकवचन आहे. १३ व्या ओवीत हाक बदलते, "दावीदाच्या घराण्या, ऐका", आणि १४ व्या ओवीत "तुम्हांला" हे अनेकवचन येते. खूण एका राजापुरती नसून घराण्याला आहे, असे त्यावरून म्हणतात. शिवाय अध्याय ७ ते १२ हा एकच गठ्ठा मानला तर इम्मानुएल (७), "आम्हांला मूल जन्मले" (९) आणि इशायाच्या (दावीदाच्या बापाच्या) बुंध्याचा धुमारा (११) ही एकाच चढत्या ओळीतली वचने ठरतात.

आणि "पूर्ण झाले" या शब्दाबद्दल. मत्तय २:१५ होशेय ११:१ उद्धृत करतो, "मी आपल्या मुलाला मिसर देशातून बोलावले." होशेयात ते वाक्य भूतकाळी आहे, इस्राएलाबद्दल आहे, आणि पुढच्याच ओवीत ते लोक मूर्तींना धूप जाळतात. मत्तयाला हे माहीत नव्हते असे मानणे अवघड आहे. तो भाकीत जुळवत नाही, नमुना जुळवतोय : इस्राएलाच्या वाट्याला जे आले ते येशूच्या आयुष्यात पुन्हा भरून येते. ग्रीक क्रियापदाचा अर्थच भरणे, काठोकाठ करणे असा आहे. भाकितांच्या याद्या करणारे ही ओवी "पूर्ण झालेले भाकीत" म्हणून टाकतात तेव्हा ते मत्तयावरच अन्याय करतात.

मूळपाठ

होशेयचे उदाहरण फार योग्य दिलेत. अशी रीत फक्त ख्रिस्त्यांची नव्हती हेही जोडायला हवे. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत हबक्कूक या संदेष्ट्यावरची टीका आहे, पेशेर. त्यात हबक्कूकच्या काळातल्या खास्द्यांना (बाबेलच्या लोकांना) थेट लेखकाच्या काळातले "कित्तीम" (बहुधा रोमी) केले आहे. जुने वचन आपल्या काळात उघडते, हे त्या शतकातले वाचन. याच लोकांच्या नियमग्रंथात अहरोनाचा (याजक) आणि इस्राएलाचा असे दोन अभिषिक्त अपेक्षिलेले आहेत. "ज्यूंची मशीहाची कल्पना" एकच होती असे दोन्ही बाजू गृहीत धरतात, ते चूक.

नवा वाचक

यशया ५३, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय, सिनेगॉगमध्ये मुद्दाम वाचत नाहीत, "निषिद्ध अध्याय" आहे, असे व्हिडिओ पाहिले. यात तथ्य किती?

सेफर

निषिद्ध अध्याय ही गोष्ट चुकीची आहे. प्रत्येक छापील तनाखमध्ये तो आहे, त्यावर राशी, इब्न एझ्रा, रदाक यांची भाष्ये आहेत, सेफारिया या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

पण वाचनक्रमात तो नाही हे खरे. शब्बाथला तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, यातला भाग वाचल्यावर संदेष्ट्यांतला निवडक उतारा वाचतात, त्याला हाफ्तारा म्हणतात. तिशा बाव (मंदिराच्या नाशाचा शोकदिन) नंतरचे सात शब्बाथ सांत्वनाचे, सगळे यशयातून. "शोफ्तिम" या तोराभागाच्या आठवड्यात ५१:१२ ते ५२:१२, "की तेत्से" या भागाच्या आठवड्यात ५४:१ ते ५४:१०. मधला ५२:१३ ते ५३:१२ राहतो. संदेष्ट्यांचा मोठा भाग असाच राहतो, कारण हाफ्तारा म्हणजे सलग पारायण नाही. वगळण्याचे कारण सांगणारा जुना पुरावा कुणी दाखवत नाही, तेव्हा त्यावर आरोप उभा करू नये.

वचनमंजूषा

५३ मध्ये दोन्हीकडच्या दोन चुका आधी बाजूला करू. "सेवक म्हणजे इस्राएल ही कल्पना राशीने ख्रिस्त्यांना टाळण्यासाठी काढली" ही पहिली. ख्रिस्ती लेखक ओरिजेनने टीकाकार केल्ससला दिलेल्या उत्तरात, इ.स. २४८ च्या सुमारास, ज्यू हा अध्याय पांगलेल्या आणि पीडित लोकसमूहाला लावतात असे नोंदवले आहे. राशीच्या आठशे वर्षे आधी. दुसरी चूक उलटी : "ज्यूंनी तो कधी मशीहाला लावलाच नाही." योनाथानच्या तार्गुममध्ये (संदेष्ट्यांच्या जुन्या अरामी भाषांतरात) ५२:१३ ला सरळ "माझा सेवक मशीहा" आहे, आणि तालमूदात (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) सान्हेद्रिन ९८ब मध्ये मशीहाच्या नावांची चर्चा चालू असताना ५३:४ चा आधार घेतला आहे.

शब्दशोधक

तार्गुमचा तो आधार देताना पुढच्या ओव्याही दाखवा. तार्गुम सेवकाला मशीहा म्हणतो, पण दुःख त्याच्यावरून काढून राष्ट्रांवर आणि इस्राएलावर टाकतो. मार खाणारा मशीहा तिथे नाही.

व्याकरणात दोन्हीकडे जमेच्या बाजू आहेत. इस्राएल म्हणणाऱ्यांकडे ४१:८, ४४:१, ४९:३ आहे, तिथे सेवकाचे नाव घेऊन इस्राएल म्हटले आहे. ५२:१५ मध्ये राजे तोंड मिटतात, मग ५३:१ मध्ये "आमच्या बातमीवर कोणी विश्वास ठेवला" म्हणणारे तेच राजे, असा ओघ लागतो. ५३:८ चा शेवटचा शब्द लामो, "त्यांना", अनेकवचनी. ५३:१० मध्ये सेवकाला संतती आणि दीर्घायुष्य आहे.

एक व्यक्ती म्हणणारे दाखवतात की ४९:५-६ मध्ये सेवक याकोबाला परत आणतो, म्हणजे तो याकोबाहून वेगळा. ५३:८ मध्ये "माझ्या लोकांच्या अपराधामुळे" त्याला मार बसतो. बोलणारा यशया किंवा देव असेल तर "माझे लोक" इस्राएल, मग सेवक कोण? आणि लामो कधी एकवचनीही येतो, यशयाच्याच ४४:१५ मध्ये मूर्तीसाठी आला आहे. बोलणारा कोण, हे ठरले की अध्याय एका बाजूला कलतो. ५३ चा गाभा तो आहे, आणि हिब्रूत अवतरणचिन्हे नाहीत.

हिशेबनीस

दानीएल ९:२४-२७ वर कुणी लिहिलेले नाही, म्हणून सविस्तर.

सत्तर "सप्तके", म्हणजे ७० × ७ = ४९० वर्षे, इथवर बहुतेकांचे जुळते. २५ व्या ओवीत यरुशलेम बांधण्याच्या आज्ञेपासून "अभिषिक्त अधिपतीपर्यंत सात सप्तके आणि बासष्ट सप्तके" असे शब्द आहेत. मसोरा पाठात (ज्यूंच्या प्रमाण हिब्रू पाठात) "सात" या शब्दाखाली एथनाख्ता हे विरामचिन्ह आहे, वाक्य मधोमध तोडणारे. ते पाळले तर अभिषिक्त ४९ वर्षांनी येतो, आणि २६ व्या ओवीत ६२ सप्तकांनंतर जो छेदला जातो तो दुसराच. ते सोडले तर ७ + ६२ = ६९ सप्तके, ४८३ वर्षे, आणि अभिषिक्त एकच. थिओडोशनचा ग्रीक पाठ दोन आकडे जोडून वाचतो, ख्रिस्ती परंपरा त्यामागून गेली. विरामचिन्हे इ.स. च्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात लिहिली गेली म्हणून ती बंधनकारक नाहीत, असे ख्रिस्ती उत्तर. वाचायची रीत चिन्हांहून जुनी आहे, आणि ६९ च सांगायचे तर ७ आणि ६२ वेगळे का सांगितले, असा ज्यू प्रतिप्रश्न. त्यावर ख्रिस्ती म्हणतात, पहिली ४९ वर्षे नगर बांधण्याची.

आता मोजणी, आणि ती कुठे अडते.

इ.स.पू. ४५७ पासून (एज्रा ७, पारसाचा राजा अर्तहशश्तचा हुकूम) ४८३ वर्षे मोजली की इ.स. २७ येते. मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून एक मिळवायचा. इथेच बरेच जण चुकतात. साल येशूच्या कार्याच्या आरंभाजवळ बसते. अडचण अशी की एज्रा ७ मधले पत्र मंदिरातल्या सेवेबद्दल आहे, आणि दानीएलात यरुशलेम बांधण्याची आज्ञा आहे.

नगर बांधण्याची परवानगी नहेम्या २ मध्ये, इ.स.पू. ४४५. तिथून साध्या वर्षांनी इ.स. ३९ येते. फार उशीर. म्हणून ख्रिस्ती लेखक रॉबर्ट अँडरसन यांनी वर्ष ३६० दिवसांचे धरले : ४८३ × ३६० = १,७३,८८० दिवस, म्हणजे सुमारे ४७६ सौर वर्षे, आणि उत्तर इ.स. ३२. आधार म्हणून प्रकटीकरण ११ मधले ४२ महिने = १,२६० दिवस दाखवतात. पण ज्यू पंचांग अधिक महिना घालून वर्ष सूर्याशी जुळवते, आपल्या अधिकमासासारखेच. पावणेपाचशे वर्षे अधिकमास न घालता सण पाळले असते तर वल्हांडण (पेसाख) कितीतरी वेळा सगळ्या ऋतूंतून फिरून आला असता.

ज्यू परंपरेचा हिशेबही अडतो. सेदेर ओलाम रब्बा हा कालगणनेचा जुना ग्रंथ पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्याच्या नाशापर्यंत ४९० धरतो : ७० वर्षे निर्वासन, ४२० वर्षे दुसरे मंदिर. इतिहासाच्या सालांनी इ.स.पू. ५८६ ते इ.स. ७० ही ६५५ वर्षे होतात. १६५ वर्षांचा फरक, बहुतांशी पारशी राजवटीचा काळ आखडल्यामुळे.

विद्यापीठीय वाचनात पहिला अभिषिक्त कोरेश किंवा महायाजक येशूवा (येशू ख्रिस्त नव्हे), छेदला गेलेला महायाजक ओनियास तिसरा (इ.स.पू. १७१ च्या सुमारास), आणि शेवटच्या सप्तकाच्या मध्यावर ग्रीक राजा अँटिओखस चौथ्याने १६७ मध्ये मंदिर विटाळले. शेवटचे सप्तक सुरेख बसते. पण ५३८ मधून (कोरेशच्या हुकुमाचे साल) ४३४ (६२ × ७) वजा केले की १०४ उरतात, १७१ नाही. ६७ वर्षांचा खड्डा. तीनही हिशेबांत कुठेतरी ओढावे लागते, म्हणून दुसऱ्याची चूक दाखवताना आपलीही मांडावी.

शब्दशोधक

हिशेबनीस, उत्तम मांडणी. एक भर : "मशीअख नागीद" (अभिषिक्त अधिपती) ला हिब्रूत निश्चित उपपद नाही, म्हणजे "एक अभिषिक्त". इंग्रजीत मोठे अक्षर घालून भाषांतरकार कल दाखवतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे मराठीत "अभिषिक्त" की "मशीहा" हे शब्दातच ठरवावे लागते.

स्तोत्र २२:१६ बद्दलही थोडक्यात. मसोरा पाठ का-अरी, "सिंहासारखे माझे हात व माझे पाय". क्रियापदच नाही, वाक्य लंगडते. सेप्टुआजिंटमध्ये "त्यांनी खणले". नाहाल हेवेर इथे सापडलेल्या जुन्या हस्तलिखिताच्या तुकड्यात शेवटचे अक्षर योद नसून वाव दिसते, म्हणजे क्रियापद. योद आणि वाव यांत फरक शेपटीच्या लांबीचा. घाईच्या हस्ताक्षरात घ आणि ध एकमेकांत मिसळतात तसे. पण त्याच तुकड्यात पुढचा शब्द "तिचे हात" असा चुकलेला आहे, आणि खणणे या हिब्रू धातूत आलेफ हे अक्षर नसते, इथे मात्र आहे. "विंधले" हा अर्थ तिथून अजून एक पायरी पुढे आहे. याद्या करणाऱ्यांनी हे पाहावे : वधस्तंभाच्या वर्णनात शुभवर्तमाने या स्तोत्राची पहिली ओळ आणि वस्त्रे वाटण्याची ओळ घेतात, ही ओळ घेत नाहीत. विंधण्यासाठी योहान १९:३७ जखऱ्या १२:१० कडे जातो.

सेफर

जखऱ्या १२:१० तालमूदात सुक्का ५२अ मध्ये योसेफाच्या वंशातल्या, मारल्या जाणाऱ्या मशीहाला लावले आहे. मरणारा मशीहा ज्यू परंपरेला अगदी परका नव्हता.

तरी शेवटी निकष वेगळा पडतो. ज्यू विद्वान रम्बामने (मायमोनिदेस) हिल्खोत मेलाखीमच्या (राजांविषयीच्या नियमांच्या) ११ व्या अध्यायात तो लिहून ठेवला आहे : दावीदाच्या घराण्यातला राजा, तोऱ्यात रमलेला, इस्राएलाला तोऱ्याच्या वाटेवर आणणारा, देवाच्या लढाया लढणारा, तर तो मशीहा असल्याचे गृहीत धरावे. त्याने मंदिर त्याच्या जागी बांधले आणि पांगलेल्यांना गोळा केले तर तो नक्की. नाही जमले किंवा मारला गेला, तर तो नव्हे. उदाहरण रोमविरुद्धच्या बंडाचा नेता बार कोखबा याचे (१३२-१३५), ज्याला रब्बी अकिवाने मशीहा मानले होते. हा निकष कामाचा आहे, वचने जुळवण्याचा नाही. ख्रिस्ती श्रद्धा उरलेली कामे दुसऱ्या आगमनाकडे सोपवते. तनाखमध्ये दोन आगमने स्पष्ट लिहिलेली नाहीत, असे ज्यू उत्तर.

कोकणपट्टी

आपल्याकडचा एक धागा. परमेश्वराच्या थोर दिवसाआधी एलीया येईल हे मलाखीचे वचन, ज्यावरून तो मशीहाआधी येणार असे मानतात, कोकणातल्या ज्यू बेने इस्राएल समाजात घरोघर जिवंत आहे. मलिदा (एलीयाच्या नावाने केलेला प्रसाद) ठेवतात तेव्हा एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलीयाला, आळवतात. एलियाहू रथातून जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर खुणा उमटल्या अशी श्रद्धा आहे (लोणावळ्याचा खंडाळा नव्हे). १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत हिब्रू व्याकरण मराठीत छापले, आणि पुढे जोसेफ एझकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे ही वचने मूळ हिब्रूशी ताडून मराठीत वाचण्याची सोय एकोणिसाव्या शतकापासून आहे.

मलाखीचा प्रश्न असा : मराठी बायबलात ते वचन ४:५ ला आहे, ज्यू तनाखमध्ये चौथा अध्यायच दिसत नाही.

मूळपाठ

हिब्रूत ते ३:२३. मजकूर तोच, अध्याय वेगळा तोडला आहे. पण जागा महत्त्वाची. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो : एलीया येणार. पान उलटले की मत्तय, आणि मत्तय ११:१४ मध्ये येशू म्हणतो की योहान बाप्तिस्माकर्ता हाच तो एलीया. (योहान १:२१ मध्ये मात्र बाप्तिस्माकर्ता स्वतः "मी तो नाही" म्हणतो.) तनाखचे शेवटचे पुस्तक सहसा "इतिहास" नावाचे. ते कोरेशच्या हुकुमावर संपते, आणि शेवटचा शब्द "वेयाअल", त्याने वर जावे, यरुशलेमला. दानीएलही तिथे संदेष्ट्यांत नाही, "लेख" या शेवटच्या विभागात आहे.

मलाखीची शेवटची ओवी ३:२४ भूमीवरच्या शापाने संपते. म्हणून हिब्रूत वाचताना ती झाल्यावर ३:२३ पुन्हा म्हणतात, आणि वाचन एलियाहूच्या नावाच्या ओवीवर थांबते.